करारावर सही कुणाची? : श्रीपेरुंबुदूरच्या सॅमसंग संपाचा प्रकरण अभ्यास

संपाच्या एकोणतिसाव्या दिवशी, म्हणजे ७ ऑक्टोबर २०२४ रोजी, सॅमसंग कंपनीने श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यातल्या कामगारांना महिना ५,००० रुपये जादा देऊ केले. त्याच मसुद्यात कामगारांना ने-आण करणाऱ्या वातानुकूलित बसचे मार्ग पाचावरून १०८ करण्याचं आणि कामावर मृत्यू आल्यास कुटुंबाला तातडीने एक लाख रुपये देण्याचं आश्वासन होतं. तमिळनाडूच्या मंत्र्यांनी मध्यस्थी केली होती आणि कारखान्यातल्या एका कामगार समितीने मसुद्यावर सहीही केली. सरकारने जाहीर केलं की आता कामावर परत या.

मंडपात बसलेले हजारभर कामगार उठले नाहीत.

या कारखान्यात सरासरी मासिक पगार २५,००० रुपयांच्या आसपास होता. त्यावर ५,००० म्हणजे थेट २० टक्के वाढ. महिनाभर पगार नाही, दसरा तोंडावर, घरी हप्ते थांबलेले, आणि तरी ही माणसं नाही म्हणाली. बाहेरून पाहणाऱ्या अनेकांना हा हट्ट वाटला. मला तो संपूर्ण प्रकरणातला सर्वांत विचारपूर्वक निर्णय वाटतो. तो का, हे समजून घ्यायचं तर थोडं मागे जावं लागेल.

कारखाना आणि माणसं

श्रीपेरुंबुदूर चेन्नईहून बंगळूरकडे जाणाऱ्या महामार्गावर आहे, कांचीपुरम जिल्ह्यात. नव्वदच्या दशकाच्या शेवटी ह्युंदाई आली, मग नोकिया, फॉक्सकॉन आणि त्यांच्यामागे सुटे भाग पुरवणाऱ्यांची रांग. सॅमसंगचा कारखाना २००७ साली सुरू झाला. इथे फ्रिज, वॉशिंग मशीन आणि टीव्ही बनतात. कंपनीच्या भारतातल्या उलाढालीत या एका कारखान्याचा वाटा २० ते ३० टक्के असल्याचं संपाच्या काळात सांगितलं जात होतं. कामगार सुमारे १,८००.

अशा पट्ट्यात कामाला लागणारा मुलगा बहुतेकदा आयटीआय किंवा डिप्लोमा करून येतो. घरात पगारपत्रक हातात घेणारा तो पहिलाच असतो. ज्याच्या नावावर पगार जमा होतो त्याच्याच नावावर कर्ज मिळतं, त्यामुळे बहिणीचं लग्न, घराची डागडुजी, मोटारसायकल, धाकट्याची फी, सगळ्यांचे हप्ते त्याच एका पगारावर चढतात. २००७ मध्ये विशीत लागलेला मुलगा २०२४ मध्ये पस्तिशी ओलांडून गेला होता. पगार वाढत होता, पण किती आणि कधी वाढणार हे ठरवणाऱ्या खोलीत त्याला खुर्ची नव्हती. सोळा-सतरा वर्षं या कारखान्यात युनियन नव्हतीच.

कंपनीची बाजूही नीट मांडली पाहिजे. तिचं म्हणणं होतं की आसपासच्या तशाच कारखान्यांतल्या कामगारांच्या सरासरीपेक्षा आम्ही १.८ पट पगार देतो, सर्व कायदे पाळतो, आणि आमच्या कामगारांशी थेट बोलायला आमची ना नाही. पहिला मुद्दा खरा धरला तरी त्यातून उलट एक प्रश्न उभा राहतो: १.८ पट जर २५,००० असेल, तर त्या पट्ट्यातले बाकीचे तरुण किती पगारावर राबत असतील? चांगला पगार देणाऱ्या कंपनीतच संप का झाला, असं तेव्हा अनेकांनी विचारलं. कामगार चळवळीत हे नवं नाही. ज्याची नोकरी त्यातल्या त्यात पक्की असते त्यालाच संपाची जोखीम घेता येते.

पगाराच्या जोडीला कामाच्या वेगाची तक्रार होती. एकेका वस्तूवरचं आपल्या वाट्याचं काम १० ते १५ सेकंदांत उरकावं लागतं, चार-पाच तास सलग उभं राहावं लागतं, युनियन सोडा म्हणून दबाव येतो, असे आरोप सिटूच्या, म्हणजे मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाशी जोडलेल्या कामगार संघटनेच्या, नेत्यांनी केले. कंपनीने ते नाकारले. मागणीपत्रकात तीन वर्षांत सरासरी पगार ३६,००० पर्यंत नेण्याची मागणी होती.

नावावरून अडलेली नोंदणी

२०२४ च्या उन्हाळ्यात कामगारांनी ‘सॅमसंग इंडिया वर्कर्स युनियन’ स्थापन केली आणि नोंदणीसाठी अर्ज केला. पाठीशी सिटू होती. अध्यक्ष ई. मुथुकुमार हे कांचीपुरम भागातले सिटूचे नेते, कारखान्याबाहेरचे. तेव्हा लागू असलेला १९२६ चा कामगार संघटना कायदा बाहेरच्या पदाधिकाऱ्यांना मर्यादित प्रमाणात परवानगी देत होता. ते योग्यच होतं, कारण आतल्या माणसाला निलंबनाचा धाक दाखवता येतो, बाहेरच्याला नाही.

त्या कायद्याने नोंदणी सोपी होती. सात सभासद अर्ज करू शकत; २००१ च्या दुरुस्तीनंतर आस्थापनेतले १० टक्के किंवा १०० कामगार, यातला जो आकडा कमी असेल तेवढे सभासद लागत. इथे सभासद त्याच्या कितीतरी पट होते. अडलं ते नावावर. ‘सॅमसंग’ हा आमचा ट्रेडमार्क आहे, तो युनियनच्या नावात चालणार नाही, अशी हरकत कंपनीने घेतली आणि नोंदणी करणाऱ्या सरकारी निबंधकांनी अर्ज तसाच ठेवला.

हा मुद्दा वरवर किरकोळ वाटतो, पण त्याच्यावर थांबायला हवं. १९२६ च्या कायद्यात निबंधकाने नावाला हरकत घ्यायची एकच ठळक जागा होती: ते नाव आधीच्या एखाद्या कामगार संघटनेच्या नावासारखंच किंवा गोंधळ होईल इतकं जवळचं असेल तर. कंपनीच्या नावाबद्दल त्यात काही नव्हतं. ट्रेडमार्कचा कायदा व्यापारात माल किंवा सेवा विकताना चिन्ह वापरण्याविषयी बोलतो. युनियन फ्रिज विकत नाही. देशभर असंख्य युनियन आपापल्या कंपनीच्या नावाने नोंदलेल्या आहेत, मारुतीच्या आहेत, ह्युंदाईच्या आहेत. म्हणजे हरकत टिकणारी नव्हती, पण वेळ काढायला पुरेशी होती. आणि इथे कायद्यातली खरी फट दिसते: अर्जावर किती दिवसांत निर्णय द्यायचा याची मुदतच १९२६ च्या केंद्रीय कायद्यात नव्हती.

नोंदणीने नेमकं काय मिळतं हे तरुण कामगारांना कुणी नीट सांगत नाही, म्हणून इथे सांगतो. १९२६ च्या कायद्याखाली नोंदणीकृत संघटनेला कायदेशीर व्यक्तिमत्त्व मिळायचं. औद्योगिक वादाच्या संदर्भात केलेल्या कृतीबद्दल तिच्यावर आणि पदाधिकाऱ्यांवर नुकसानभरपाईचे दिवाणी दावे लावता येत नसत (कलम १८), आणि कायदेशीर उद्दिष्टांसाठी सभासदांनी एकत्र येऊन केलेल्या ठरावाला गुन्हेगारी कट म्हणता येत नसे (कलम १७). नोंदणी नसलेला जमाव संपावर बसतो तेव्हा या दोन्ही भिंती त्याच्यामागे नसतात.

नोंदणी म्हणजे मान्यता नव्हे, हेही तितकंच महत्त्वाचं. मालकाने अमुक युनियनशीच बोलावं अशी सक्ती करणारा कायदा तमिळनाडूत नव्हता. महाराष्ट्रात १९७१ चा कायदा आहे: पन्नास किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेत ३० टक्के सभासद सहा महिने टिकवले तर औद्योगिक न्यायालयाकडून मान्यता मागता येते, आणि बदली किंवा तात्पुरता म्हणून माणसाला वर्षानुवर्षं तसंच ठेवणं ही त्या कायद्याच्या अनुसूचीत अनुचित कामगार प्रथा ठरवली आहे. अर्थात मान्यतेचा कायदा असला की प्रश्न सुटतो असंही नाही. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांतले सुमारे अडीच लाख कामगार दत्ता सामंतांच्या मागे बाहेर पडले, तेव्हा १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याखाली वाटाघाटीचा हक्क होता तो राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे. कामगार एकीकडे आणि सहीचा अधिकार दुसरीकडे, या स्थितीने काय होतं ते गिरणगावाने पाहिलं आहे.

सदतीस दिवस

९ सप्टेंबर २०२४ ला संप सुरू झाला. हजाराहून जास्त, काही बातम्यांनुसार पंधराशेच्या घरात कामगार बाहेर होते. कारखान्यापासून थोड्या अंतरावर मंडप पडला आणि निळ्या गणवेशातली माणसं रोज तिथे येऊन बसू लागली. वेळ विचार करून निवडलेली होती: दसरा-दिवाळीच्या आधीचे आठवडे म्हणजे फ्रिज-टीव्हीच्या विक्रीचा हंगाम. कंपनीने कंत्राटी कामगार लावून उत्पादन चालू ठेवलं, ‘काम नाही तर पगार नाही’ अशी नोटीस काढली आणि कारखान्याजवळच्या घोषणाबाजीविरुद्ध जिल्हा न्यायालयात गेली.

सरकारची स्थिती अवघड होती. द्रमुकचं सरकार, मार्क्सवादी पक्ष त्याचा मित्रपक्ष, आणि राज्याची ओळख परदेशी गुंतवणुकीचं आवडतं ठिकाण अशी. केंद्रीय कामगारमंत्री मनसुख मांडविया यांनी मुख्यमंत्री स्टालिन यांना पत्र लिहून लक्ष घालायला सांगितलं. सप्टेंबरच्या मध्याला मोर्चाच्या आधीच शंभराहून जास्त कामगारांना पोलिसांनी ताब्यात घेतलं, १ ऑक्टोबरला आणखी शेकडो जणांना, आणि ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात मंडपही काढून टाकला. कामगार मोकळ्या जागेत येऊन बसत राहिले.

त्याच वर्षी, जुलैमध्ये, दक्षिण कोरियात सॅमसंग इलेक्ट्रॉनिक्सच्या इतिहासातला पहिला मोठा संप झाला होता. या उद्योगसमूहाने अनेक दशकं युनियन न होऊ देण्याचं धोरण उघडपणे चालवलं. मे २०२० मध्ये समूहाचे प्रमुख ली जे-यॉंग यांनी त्याबद्दल जाहीर माफी मागितली आणि ते धोरण संपल्याचं सांगितलं. त्यानंतर कोरियातल्या युनियनचे सभासद तीस हजारांच्या आसपास गेले. म्हणजे मायदेशात जी गोष्ट चूक होती असं कंपनीच्या प्रमुखाने चार वर्षांपूर्वी कबूल केलं होतं, तिच्याचसाठी कांचीपुरममधले कामगार रस्त्यावर बसले होते. माझ्या मते कंपनीच्या भूमिकेतली सर्वांत कच्ची बाजू हीच.

पाच हजारांचा हिशेब

आता त्या ५,००० रुपयांकडे येतो. ही रक्कम मूळ पगारातली वाढ नव्हती. ती ‘उत्पादकता स्थैर्य प्रोत्साहन’ अशा नावाने ऑक्टोबर २०२४ ते मार्च २०२५ एवढ्या काळासाठी होती. सहा महिने गुणिले ५,००० म्हणजे ३०,००० रुपये. दुसरीकडे २५,००० पगाराच्या माणसाचे २९ दिवस बुडाले तर नुकसान साधारण २४,२०० रुपयांचं. दोन्ही रकमांत फरक सहा हजारांच्या आत. म्हणजे एकोणतिसाव्या दिवशी परत गेलेल्या कामगाराची बुडालेली मजुरी मार्चपर्यंत भरून निघाली असती, आणि एप्रिलमध्ये तो पुन्हा २५,००० च्या पायरीवर, जवळजवळ रिकाम्या हाताने उभा राहिला असता.

त्यात प्रोत्साहन भत्ता आणि मूळ पगार यांतला फरक तरुण कामगाराला फार महाग पडतो. पीएफ, ग्रॅच्युइटी यांचा हिशेब मूळ पगार आणि महागाई भत्त्यावर चालतो. प्रोत्साहन त्यात सहसा धरलं जात नाही. ते व्यवस्थापनाच्या मर्जीने येतं आणि मर्जीने जातं. पस्तिशीच्या माणसाला पुढची वीस-पंचवीस वर्षं जी रक्कम चक्रवाढीने साठत जायला हवी, तिच्यात यातला रुपयाही पडत नाही. घरकर्ज देणारी बँकही पक्का पगार बघते.

आणि सर्वांत मोठी गोष्ट, सही कुणी केली ती. तेव्हा लागू असलेल्या औद्योगिक विवाद कायदा, १९४७ प्रमाणे कराराचे दोन प्रकार होते. समेट अधिकाऱ्यासमोर, म्हणजे सरकारी मध्यस्थासमोर, वाटाघाटी होऊन झालेला करार आस्थापनेतल्या सगळ्या कामगारांना लागू व्हायचा, उद्या लागणाऱ्यालासुद्धा. समेटाबाहेर झालेला करार फक्त सह्या करणाऱ्या पक्षांना बांधायचा. संपावर बसलेले लोक म्हणत होते की जिने सही केली ती समिती आमची नव्हे, आम्ही तिला निवडलेलं नाही. त्या समितीचा करार मान्य करणं म्हणजे पुढच्या प्रत्येक वाटाघाटीत आपल्या वतीने बोलणारा माणूस कंपनीने निवडावा हे मान्य करणं. एकदा ते मान्य केलं की मार्चनंतर ५,००० बंद झाले तर जाब विचारायला जागा कुठे उरते?

तरुण कामगारांच्या आर्थिक ओढाताणीविषयी लिहिताना आपण बहुतेक वेळा पगाराच्या आकड्यावर थांबतो. आकडा महत्त्वाचा आहेच. पण ज्या माणसाला पुढच्या वर्षीचा आकडा माहीत नाही आणि तो ठरवण्यात ज्याचा हात नाही, तो कर्ज काढताना, लग्न ठरवताना, गाव सोडताना दरवेळी अंधारात पाऊल टाकतो. श्रीपेरुंबुदूरच्या कामगारांनी आजची रक्कम सोडून उद्याच्या वाटाघाटीतली जागा मागितली. महिनाभर पगार बुडालेल्या माणसांनी हे केलं, याचा मला मनापासून आदर वाटतो.

शेवट सरकारच्या पुढाकाराने झाला. १५ ऑक्टोबरला संप मागे घेतला गेला. संपात भाग घेतला म्हणून कुणावर कारवाई करायची नाही आणि मागणीपत्रकाला कंपनीने लेखी उत्तर द्यायचं, असं ठरलं. नोंदणीचा प्रश्न न्यायालयावर सोडला. पगारवाढीचा एक रुपयाही त्या दिवशी ठरला नव्हता. कामगार १७ तारखेपासून कामावर गेले.

पुढे काय झालं

डिसेंबर २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने निबंधकांना सहा आठवड्यांत निर्णय द्यायला सांगितलं आणि २७ जानेवारी २०२५ ला युनियनची नोंदणी झाली, ‘सॅमसंग’ नावासकट. आनंद फार टिकला नाही. काही दिवसांतच तीन पदाधिकाऱ्यांना निलंबित केलं गेलं, त्यावरून कारखान्यात ठिय्या झाला, आणखी निलंबनं झाली आणि फेब्रुवारी त्यातच गेला. नोंदणीनंतरचे पहिले महिने युनियनसाठी सगळ्यात धोक्याचे असतात. पदाधिकारी तेव्हा ठळक दिसू लागतात आणि सभासदांना अजून काहीच मिळालेलं नसतं.

मे २०२५ मध्ये वेतनकरार झाला. सिटूने दिलेल्या माहितीप्रमाणे २०२७-२८ पर्यंतच्या तीन वर्षांत कामगारांना महिना १८,००० ते २३,००० रुपये वाढ मिळणार आहे, त्यातले ९,००० पहिल्याच वर्षी. मागणी होती सरासरी ३६,००० पर्यंत जाण्याची. २५,००० मध्ये किमान १८,००० मिळवले तरी आकडा मूळ मागणीच्या पुढे जातो. ऑक्टोबरमध्ये नाकारलेल्या ५,००० शेजारी हा आकडा ठेवून पाहावा.

जे या करारात नाहीत

संपाच्या काळात यंत्रांवर उभे असलेले कंत्राटी कामगार बहुतेक तितकेच किंवा त्याहून तरुण असतात. वार्षिक उद्योग पाहणीप्रमाणे देशातल्या संघटित कारखान्यांत आता ४० टक्क्यांहून जास्त कामगार कंत्राटी आहेत. त्यांचा मालक कागदोपत्री ठेकेदार. त्यांनी संपात उतरावं म्हटलं तर दुसऱ्या दिवशी फाटकावर नवा माणूस उभा असतो: १५ ते २९ वयोगटातली बेरोजगारी २०२३-२४ च्या सरकारी पाहणीत १०.२ टक्के होती. कायम कामगारांच्या संपात यांचा वापर संप मोडायला होतो आणि कायम कामगारांच्या करारात यांचं नाव नसतं. दोष त्या मुलांचा नाही. पण श्रीपेरुंबुदूरच्या मागणीपत्रकाचा भर कायम कामगारांवरच होता, हे विजयाच्या भरात विसरून चालणार नाही. शेजारी उभ्या असलेल्या कंत्राटी मुलाला सभासद करून घेण्याचं काम जी युनियन पुढे ढकलते, तिच्या पुढच्या संपात तोच मुलगा तिच्या जागी यंत्रावर उभा केला जातो.

यापुढचे नियमही बदलले आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. तिच्यात पहिल्यांदाच देशभरासाठी वाटाघाटी करणाऱ्या युनियनची तरतूद आली: आस्थापनेत एकापेक्षा जास्त युनियन असतील तर हजेरीपटावरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली युनियन एकमेव वाटाघाटीकर्ती ठरते. ही तरतूद २०२४ मध्ये असती तर कंपनीला समितीशी करार करून मोकळं होणं कठीण गेलं असतं. पण त्याच संहितेने प्रत्येक कारखान्यात संपाआधी १४ दिवसांची नोटीस सक्तीची केली, जी आधी फक्त सार्वजनिक उपयोगाच्या सेवांना होती, आणि समेट चालू असताना व त्यानंतर सात दिवस संपाला बंदी घातली. निम्म्या किंवा त्याहून अधिक कामगारांनी एकाच दिवशी सामूहिक रजा घेतली तर तोही संपच. नोटीस मिळाली की समेट सुरू करता येतो, आणि समेट सुरू झाला की संप बेकायदा. सदतीस दिवसांचा तो संप या चौकटीत कायदेशीर राहिला असता असं मला वाटत नाही.

सध्याचा करार २०२७-२८ पर्यंत आहे. पुढच्या करारासाठी युनियनला आधी ५१ टक्के मोजून दाखवावे लागू शकतात, आणि ती मोजणी हजेरीपटावर होणार. ठेकेदाराकडून आलेली मुलं त्या पटावर नाहीत.